उधारीची वही फाडू नका

झरी जामणी, मारेगाव, केळापूर तालुक्यांतले सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, घरमालक आणि किराणा दुकानदार यांना जाहीर आवाहन

आपल्या भागातल्या कुमारी मातांच्या बातम्या वर्षानुवर्षं छापून येताहेत. बातमी आली की गाड्या येतात, पोडावरच्या पोरींचे फोटो निघतात, आणि धुरळा बसला की सगळं होतं तसंच. म्हणून हे पत्र साहेबांना नाही, तुम्हाला.

रस्त्याच्या, खाणीच्या नाहीतर कापसाच्या कामावर आलेला माणूस हंगामभर राहतो, लग्नाचं वचन देतो आणि एक दिवस खोली रिकामी करून निघून जातो. मागं राहते कोलाम, गोंड किंवा परधान घरातली पोर आणि तिचं लेकरू. त्या लेकराला बापाकडून पोटगी मिळू शकते, आईबापांचं लग्न झालेलं नसलं तरी. पूर्वी त्याला १२५ कलम म्हणत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. हिंदूंचा १९५६ चा पोटगी कायदा आदिवासींना एरवी लागू होत नाही, तेवढंच ऐकून कुणी बाईला माघारी धाडत असेल तर ते चूक आहे. कलम १४४ जातधर्म विचारत नाही.

गाडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. तो गेला पैनगंगेपलीकडे, आता आदिलाबादला कोण खेटे घालणार? घालायला नकोत. मुलाच्या आईबरोबर तो शेवटचा जिथं राहिला, त्या जिल्ह्यातही अर्ज चालतो. पण राहिला होता, हे दाखवायचं कशावरून? भाडेपावती कुणी दिलेली नसते. असते ती किराण्यातली उधारीची वही. तीत त्याचं नाव, तारीख, दोन किलो तांदूळ, विडीचं बंडल, कोपऱ्यात मोबाईल नंबर. उधारी बुडाली म्हणून तुम्ही ते पान फाडता, आणि पोरीचा पुरावा चुलीत जातो.

घरमालकानं कोर्टात येऊन तेवढंच सांगावं की हा माझ्या खोलीत होता. ठेकेदारानं हजेरीपटावरचा पत्ता द्यावा. बाप तर नाकारणारच. डीएनए तपासणी मागता येते, पण कोर्ट ती मागितली की लगेच देत नाही. आधी काही आधार समोर यावा लागतो. तो आधार म्हणजे तुमची साक्ष. बाप कोण ते अख्ख्या पोडाला माहीत असतं, समन्स निघालं की मात्र सगळे कापूस वेचायला गेलेले असतात.

स्टॅम्प पेपरवर प्रकरण मिटवू नका. लेकराचा हक्क पंचांना सोडून देता येत नाही. आणि पोर अठराच्या आतली असेल, तर आधी पोलीस ठाणं. माहीत असून न कळवणं हाच पोक्सोखाली गुन्हा आहे.

पोटगी मागितली तर तो पोरगं घेऊन जाईल, ही धास्ती बायका बोलून दाखवतात. तसं होत नाही. बापाला न कळवताही अविवाहित आईला पालकत्व मिळू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं आहे. बापाला लेकराला भेटायचं असेल तर त्यानं कोर्टात मागावं. तिथं लेकराचं हित बघितलं जाईल. पैसे दिले म्हणून भेटीचा हक्क विकत मिळत नाही, आणि भेटू दिलं नाही म्हणून पोटगी चुकत नाही. खरंच कुणी भेटायला आलाच, तर वाटेत अडवून मारू नका. पत्ता लिहून घ्या.

वकील फुकट मिळतो. बाईला आणि आदिवासीला उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम पोटगीचा निकाल व्हावा, असं कायदा म्हणतो. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत टाका.

दिवाळीनंतर कापसाची माणसं पुन्हा येतील. खोली देताना आधार कार्डाची झेरॉक्स घ्या, आणि मूळ गावाचा पत्ता वहीत स्वतःच्या हातानं लिहून ठेवा.