‘हरिकेन’ हिगिन्स : दोष कोणाचा?

असामान्य माणसाला शंभर गुन्हे माफ असतात, असे आपल्याकडे मोठ्या उदारपणे म्हटले जाते. नट असो, गवई असो की खेळाडू असो, त्याच्या व्यसनांच्या गोष्टी आपण चवीने सांगतो. माझ्या मते ही उदारता नव्हे. हा निष्काळजीपणा आहे. उत्तर आयर्लंडचा स्नूकरपटू अलेक्स हिगिन्स याचे आयुष्य पाहिले म्हणजे हे पटते.

स्नूकर हा खेळ १८७५ मध्ये आपल्या जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मला, असे मानतात. तरीही आपण त्याला साहेबांच्या क्लबातला खेळ समजतो. बेलफास्टमध्ये मात्र तो कामगारांच्या पोरांचा होता. १९४९ साली एका कामकरी कुटुंबात जन्मलेला हिगिन्स ‘जॅमपॉट’ नावाच्या बिलियर्ड हॉलमध्ये शाळकरी वयातच खेळू लागला. जॉकी होण्यासाठी तो इंग्लंडला गेला. पण ते साधले नाही. पुढे १९७२ मध्ये जॉन स्पेन्सरला ३७–३२ असे हरवून तो जगज्जेता झाला, तेव्हा तो अवघा २२ वर्षांचा होता. बक्षीस मिळाले ४८० पौंड!

इतर खेळाडू टेबलाभोवती हिशेबनीसासारखे फिरत. हा वादळासारखा येई. म्हणून तो ‘हरिकेन’. रंगीत टेलिव्हिजनमुळे हा खेळ घराघरांत गेला, आणि हिगिन्स त्याचा नायक झाला. १९८२ मध्ये शेफील्डला त्याने रे रिअर्डनला १८–१५ ने हरवले. शेवटच्या फ्रेममध्ये एका दमात १३५ गुण केले. डोळ्यांत पाणी आणून त्याने तान्ह्या मुलीला जवळ घेतले. या वेळी बक्षीस होते २५,००० पौंड. पुढल्याच वर्षी स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध ०–७ असा मागे असताना त्याने यूके अजिंक्यपद १६–१५ ने जिंकले.

आणि मग घसरण. १९८६ मध्ये एका स्पर्धाधिकाऱ्याला त्याने डोक्याने धडक मारली. १२,००० पौंड दंड आणि पाच स्पर्धांची बंदी. १९९० मध्ये त्याने डेनिस टेलर या आपल्याच देशबांधवाला गोळ्या घालवण्याची धमकी दिली आणि आणखी एका अधिकाऱ्याला ठोसा मारला. संपूर्ण १९९०–९१ हंगाम बंदी. या कृत्यांचा दोष सर्वस्वी त्याचाच. ज्याला मार बसतो त्याला मारणाऱ्याच्या प्रतिभेचे काय कौतुक?

परंतु प्रश्न येथे संपत नाही. स्नूकरमध्ये प्रतिस्पर्धी खेळत असताना आपण नुसते खुर्चीवर बसून राहायचे असते. त्या खुर्चीशेजारी त्या काळी दारूचा पेला आणि राखदाणी असे. १९७६ पासून २००५ पर्यंत जागतिक स्पर्धेला नावच एका सिगारेटचे होते – एम्बसी! हिगिन्सच्या ओठांतली सिगारेट म्हणजे फुकटची जाहिरात. पुढे त्याला घशाचा कर्करोग झाला. उपचारांनंतर दात गेले, अन्न खाणे अवघड झाले. लाखो पौंड कमावलेला हा माणूस जुलै २०१० मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, बेलफास्टमधील आपल्या लहानशा घरात एकटाच मेलेला आढळला. अंत्ययात्रेला मात्र रस्त्याच्या दुतर्फा गर्दी होती.

आमच्या गावच्या तालमीतले एक नामांकित पैलवान आज कारखान्याच्या गेटवर रात्रपाळीला बसतात. ज्यांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवले, तेच आज “पैसा उडवला त्यांनी” असे म्हणतात. उडवला असेल. पण सोबत बसून खाणारे कोण होते? माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे मला एक कळते. पहिल्यांदाच वर चढणाऱ्याला पाठ थोपटणारे पुष्कळ भेटतात. परंतु पैसा कसा राखावा, ‘नको’ कसे म्हणावे, हे सांगणारे घरात कुणी नसते. कारण घरातल्या कुणी तो पैसाच पाहिलेला नसतो.

म्हणून मला वाटते, खेळाच्या संघटनांनी बक्षिसातला काही भाग खेळाडूच्या उतारवयासाठी सक्तीने राखून ठेवावा. तंबाखू आणि दारूचा पैसा, मग तो कोणत्याही नावाने येवो, मैदानाबाहेर ठेवावा. आणि मित्रहो, आपण प्रेक्षकांनी तरी खेळाडूच्या खेळाला टाळ्या द्याव्यात, त्याच्या झिंगण्याला नव्हे.