सुट्या कळफलकाचा टॅबलेट लॅपटॉपची जागा घेईल काय ?

बैलगाडी करावयास टाकताना जाणता शेतकरी सुतारास एक गोष्ट आवर्जून सांगत असे : आस असा घाल की, भरली गाडी ओढ्याचा चढ चढून गेली पाहिजे. सपाट वाटेवर कोणतीही गाडी चालते. तिची खरी परीक्षा चढावर होते. साधनाची निवड रोजच्या हलक्या कामावरून न करता, क्वचित येणाऱ्या परंतु टाळता न येणाऱ्या अवघड कामावरून करावी, असा हा साधा व्यवहार आहे. संगणक विकत घेताना मात्र आपण तो विसरतो, असे आमचे मत आहे. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे सध्या बाजारात मिळणारा सुट्या कळफलकाचा टॅबलेट होय.

हा टॅबलेट म्हणजे पाटीसारखा सपाट संगणक. त्याचा पडदा हाच संगणक असून कळफलक हवा तेव्हा चुंबकाने जोडता येतो व नको तेव्हा काढून ठेवता येतो. विक्रेते त्यास 'टू-इन-वन' म्हणतात. लॅपटॉप आणि टॅबलेट ही दोन्ही साधने एकाच किमतीत मिळाली, असे ग्राहकास वाटते. ग्रामस्तरावरील कार्यकर्ते, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे चालक आणि मुलांच्या शिक्षणासाठी संगणक घेऊ इच्छिणारे शेतकरी यांच्यापुढे म्हणूनच हा प्रश्न उभा राहतो : लॅपटॉप न घेता हेच एक साधन घेतले तर चालेल काय ?

ही कल्पना नवी नाही. २००२ साली कॉम्पॅक या नावाने टीसी-१००० हा कळफलक वेगळा होणारा संगणक बाजारात आला होता. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'सरफेस' टॅबलेट आणला व २०१५ मध्ये ॲपलने कळफलक जोडता येणारा 'आयपॅड प्रो' आणला. त्यांतील सरफेसचा पहिला अनुभव बोधप्रद आहे. 'सरफेस आरटी' हा नमुना दिसावयास विंडोज संगणकासारखाच होता. परंतु लोकांची नेहमीची विंडोजवरील बाहेरची कार्यप्रणाली त्यावर चालत नसे. माल पडून राहिला आणि जुलै २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टला त्यापोटी ९० कोटी डॉलरची घट हिशेबात दाखवावी लागली. रूप सारखे असले म्हणजे काम सारखे होते असे नाही, हे एवढ्या मोठ्या कंपनीलाही मोल देऊन शिकावे लागले. आपण ते फुकटात शिकलेले बरे.

प्रथम गुणांचा विचार करू. टॅबलेट वजनाने हलका असतो. त्यातील बरेचसे नमुने मोबाइलच्या चार्जरवर, अगर पॉवर बँकवरही चार्ज होतात. वीज बेभरवशाची असलेल्या गावी ही सोय लहान नव्हे. बांधावर उभे राहून एका हातात धरता येतो, कीडग्रस्त पानाचे छायाचित्र घेता येते, पडद्यावर बोटाने अगर पेनने खूण करता येते आणि दहा-पंधरा शेतकऱ्यांच्या बैठकीत बीजप्रक्रियेची चित्रफीत दाखविता येते. लॅपटॉप उघडून शेतात फिरणे कोणालाही जमणारे नाही. तेव्हा शिवारातील कामास टॅबलेट योग्य आहे, याविषयी दुमत नसावे.

तथापि शिवारातील कामातही एक खाच आहे. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरून, छायाचित्रासह करू लागला. अशा नोंदीत आपण कोणत्या जागी उभे आहोत हे साधनाला उपग्रहावरून अचूक कळावे लागते. सिमकार्डाची सोय नसलेल्या, केवळ वाय-फायवर चालणाऱ्या आयपॅडमध्ये व सरफेसमध्ये हे उपग्रहस्थान ओळखणारे यंत्रच नसते. शिवाय विंडोजच्या टॅबलेटवर मोबाइलची ॲप सरळ चालत नाहीत. विंडोज-११ मध्ये त्यासाठी दिलेली सोय मायक्रोसॉफ्टने ५ मार्च २०२५ पासून बंद केली. म्हणजे विंडोजचा महागडा टॅबलेट शेतात नेला, तरी पिकाची नोंद खिशातील मोबाइलवरूनच करावी लागण्याचा संभव आहे.

आता चढाच्या कामाकडे वळू. ग्रामपंचायतीची रक्कम ई-ग्रामस्वराजद्वारे अदा करताना सरपंच व सचिव यांची डिजिटल स्वाक्षरी लागते. ही स्वाक्षरी बहुधा यूएसबी टोकनमध्ये असते आणि ते टोकन ओळखणारी प्रणाली संगणकात बसवावी लागते. हा सारा सरंजाम मुख्यत्वे विंडोज संगणक गृहीत धरून केलेला असतो. अँड्रॉइड टॅबलेटला अगर आयपॅडला टोकन खोचले, तरी काम सहसा पुढे सरकत नाही. विंडोजच्या टॅबलेटमध्येही भेद आहे. २०२४ पासून आलेल्या काही नमुन्यांत, सरफेस प्रोमध्येही, स्नॅपड्रॅगन जातीचा प्रोसेसर असतो. जुन्या इंटेल पद्धतीसाठी लिहिलेली पुष्कळशी कार्यप्रणाली त्यावर दुभाष्याच्या मदतीने चालते. परंतु टोकन, प्रिंटर, स्कॅनर यांना ओळखणारी प्रणाली, म्हणजेच ड्रायव्हर, त्या प्रोसेसरसाठी स्वतंत्रपणे केलेली असावी लागते. ती नसेल तर कार्यालयातील चांगला चालता प्रिंटर या नव्या यंत्राला परकाच राहतो.

मराठी लेखनाची अडचण याहून नित्याची आहे. कार्यालयांतून व संस्थांतून अनेक जुनी पत्रके व याद्या श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये साठविलेल्या आहेत. तो फॉन्ट यंत्रात नसेल तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात, आणि टॅबलेटवर असा फॉन्ट बसविणे लॅपटॉपइतके सोपे नसते. नवे लेखन युनिकोडमध्ये करावे हेच श्रेयस्कर. पण तेथेही सावध असावे. काचेवरील कळफलकावर बोटाने मराठी उमटते म्हणून जोडलेल्या कळफलकावरूनही इनस्क्रिप्ट पद्धतीने उमटेलच असे नाही. एक्सेलचेही तसेच. टॅबलेटवर एक्सेल मिळते खरे. पण अँड्रॉइड व आयपॅडवरील एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत, आणि तालुक्याहून आलेल्या तक्त्यात ते असले की काम अडते.

अडचण नेमकी केव्हा येते ते ध्यानात घ्यावे. रोज पत्र वाचावयाचे, बाजारभाव पाहावयाचे, छायाचित्र पाठवावयाचे, तोवर टॅबलेट सुरेख चालतो. मग अवकाळी पाऊस होतो, दोन-तीनशे खातेदारांची नुकसानीची यादी बँक खात्यासह तपासून विहित तक्त्यात भरावयाची असते, आणि मुदत उद्या सायंकाळी संपणार असते. त्या रात्री जर यंत्र अडले, तर त्याचा भुर्दंड यंत्र घेणाऱ्याला पडत नाही. ज्याचे नाव यादीतून राहिले त्या शेतकऱ्याला पडतो. साधनाच्या निवडीचा हा प्रश्न आम्ही एवढ्या आग्रहाने मांडतो तो याच कारणासाठी.

इतर दोष थोडक्यात सांगतो. बहुतेक टॅबलेट मागील टेकूवर उभे राहतात. टेबलावर ते ठीक बसतात, पण मांडी घालून सतरंजीवर काम करताना डळमळतात. कळफलक पुष्कळदा निराळा घ्यावा लागतो व त्याची किंमत जाहिरातीतील आकड्यात धरलेली नसते. खोबणी एक-दोनच असल्याने टोकन, पेनड्राइव्ह व प्रिंटर एकाच वेळी जोडावयास हब घ्यावा लागतो. आतील मेमरी सहसा मागाहून वाढविता येत नाही, आणि पडदा चिकटविलेला असल्याने दुरुस्ती गावच्या कारागिराच्या आवाक्याबाहेर जाते. उष्णतेचाही विचार हवा. आयपॅड ० ते ३५ अंश सेल्सियस तापमानात वापरावा असे ॲपल सांगते. आमच्या विदर्भ-खानदेशात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा वेळी पडदा मंद होणे, चार्जिंग थांबणे हे प्रकार घडतात. उन्हात मोटारसायकलच्या डिक्कीत यंत्र ठेवणे तर सर्वथा टाळावे.

मग हे साधन कोणी घ्यावे ? ज्याचे मुख्य काम उभ्याने आहे, म्हणजे पाहणी, प्रात्यक्षिक, प्रशिक्षण, बचतगटांच्या बैठका हे आहे, आणि ज्याच्या कार्यालयात टोकन व प्रिंटरसाठी एक संगणक आधीच आहे, त्याने खुशाल घ्यावे. वाचन, व्याख्याने ऐकणे व थोडेसे लेखन एवढीच गरज असलेल्या घरी कळफलक जोडलेला साधा अँड्रॉइड टॅबलेट पुरेसा आहे. मात्र मुलगा अगर मुलगी अभियांत्रिकी शिकणार असेल तर विंडोज लॅपटॉपच घ्यावा.

ज्या कार्यकर्त्याकडे चांगला मोबाइल आहे व एकच संगणक घेण्याइतका पैसा आहे, त्याने साधा लॅपटॉप घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिवारातील काम मोबाइल आधीच करीत आहे. उणीव आहे ती टेबलावरील कामाची. टॅबलेट घेतल्याने जे आहे त्याचीच पुनरुक्ती होते आणि जे नाही ते नाहीच राहते.

याउपरही टॅबलेट घ्यावयाचा ठरल्यास तो विंडोजचा, इंटेल अगर एएमडी प्रोसेसरचा घ्यावा. जुना, वापरलेला घेताना तो विंडोज-११ स्वीकारतो की नाही हे पाहावे. कारण विंडोज-१० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. २०१७ चा सरफेस प्रो दिसावयास धट्टाकट्टा असला, तरी विंडोज-११ साठी तो अधिकृतरीत्या पात्र नाही.

खरेदीपूर्वी एक साधी परीक्षा करावी. गेल्या वर्षी ज्या कामाने रात्र जागविली ते काम आठवावे. त्याचा तक्ता पेनड्राइव्हवर घ्यावा, सोबत स्वाक्षरीचे टोकन न्यावे आणि दुकानात, पैसे देण्यापूर्वी, त्याच यंत्रावर तक्ता उघडावा, जोडलेल्या कळफलकावरून मराठीत चार ओळी लिहाव्यात, टोकन ओळखले जाते की नाही ते पाहावे व एक पान छापून घ्यावे. विक्रेता एवढे करू देत नसेल तर दुसरे दुकान गाठावे. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो. त्यात कोणास संकोच वाटत नाही. बैलाच्या किमतीचे यंत्र घेताना तो का वाटावा ?