विश्लेषण : औषधांच्या खिडकीतून संगणकाच्या पडद्याकडे... फार्मासिस्टसाठी ‘इन्फॉर्मेटिक्स’ची वाट कितपत खुली?

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात ‘कोल्ड्रिफ’ हे खोकल्याचे औषध घेतलेल्या मुलांचे मृत्यू झाले. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही या औषधाच्या ‘एसआर-१३’ बॅचची विक्री आणि वापर तातडीने थांबवण्याचे आवाहन केले. त्यात डायथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले होते. असा इशारा आला की कोणत्याही रुग्णालयापुढे दोन प्रश्न उभे राहतात. ही बॅच आपल्याकडे आली होती का? आणि आली असेल, तर ती कोणत्या रुग्णाच्या घरी गेली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर खरेदीच्या बिलांत मिळते. दुसऱ्याचे उत्तर रुग्णालयाच्या संगणकप्रणालीत औषधांची नोंद कशी केली आहे यावर अवलंबून असते. ती नोंद नीट ठेवणे हेच आता एक स्वतंत्र करिअर होऊ लागले आहे. मालेगावसारख्या शहरात मेडिकलच्या काउंटरवर उभ्या असलेल्या फार्मासिस्टला त्यात जागा आहे का, याचा हा आढावा.

फार्मसी इन्फॉर्मेटिक्स म्हणजे काय?

डॉक्टरने औषध लिहिले, फार्मासिस्टने ते दिले आणि नर्सने ते रुग्णाला टोचले किंवा पाजले, या तिन्ही टप्प्यांवरची माहिती संगणकात अचूक ठेवणे आणि ती उपचारासाठी वापरता येईल अशी करणे, हे या कामाचे थोडक्यात स्वरूप. त्यात सर्वात महत्त्वाची असते ती औषधांची मूळ यादी, म्हणजे ‘ड्रग मास्टर’. औषधाचे मूळ नाव, ब्रँड, मात्रा, गोळी की सिरप, देण्याचा मार्ग, साठवणुकीचे तापमान हे सारे या यादीत असते. दोन औषधे एकत्र चालत नसतील तर पडद्यावर इशारा कधी यावा, मुदत संपत आलेला साठा कसा दिसावा, प्रतिजैविकांचा वापर किती झाला याचा अहवाल कसा निघावा, हेही याच कामात येते. प्रोग्रॅमिंग हा त्याचा छोटा भाग आहे. मोठा भाग औषधे समजण्याचा आहे.

हे काम संगणक अभियंता करू शकत नाही का?

तो प्रणाली उभी करू शकतो. पण यादीत काय चुकले आहे हे त्याला दिसेलच असे नाही. भारतात मुलांचे पॅरासिटामॉल सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या मात्रांत मिळते. यादीत नुसते ‘पॅरासिटामॉल सिरप’ असे एकच नाव असेल आणि डॉक्टरने ५ मिलिलिटर लिहिले, तर खिडकीवर कोणती बाटली हाती येते त्यावर बाळाला मिळणारी मात्रा दुप्पट होऊ शकते. इन्सुलिनचेही तसेच. ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांचे इन्सुलिन बाजारात आहे आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. प्रणालीने ते ‘रोज एक’ असे आपोआप भरले, तर ते जिवावर बेतू शकते.

यंत्रमागाच्या या शहरात ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागू नये. ताणा चुकीचा लागला की दोष एका इंचात राहत नाही, पूर्ण ताक्यात उतरतो. हाताने लिहिलेली चिठ्ठी चुकली तर एका रुग्णाला त्रास होतो. ड्रग मास्टर चुकला तर ते औषध घेणाऱ्या प्रत्येक रुग्णापर्यंत ती चूक पोहोचते.

सॉफ्टवेअर बसवले की चुका थांबतात?

कमी होतात, पण नव्याही येतात. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेव्हिड बेट्स आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, डॉक्टरांनी औषधे संगणकावर लिहायला सुरुवात केल्यावर गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्यानंतर २००५ मध्ये रॉस कॉपेल यांच्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली. अशाच एका प्रणालीमुळे चुकांची शक्यता वाढवणारे २२ प्रकार त्यांनी नोंदवले. एका रुग्णाची औषधे पाहायला अनेक पडदे उघडावे लागणे, जुना आदेश रद्द न होताच नवा सुरू होणे, असे ते प्रकार होते. इशाऱ्यांचा अतिरेक हीदेखील ओळखीची अडचण आहे. दर चिठ्ठीला पाच इशारे आले तर सहावा, खरा धोक्याचा इशाराही न वाचता बंद केला जातो. कोणता इशारा ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे औषधे जाणणाऱ्यालाच ठरवता येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांच्या चुकांविरोधात जागतिक मोहीम सुरू केली. त्या वेळी या चुकांचा जगभरातील वार्षिक खर्च ४२ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज संघटनेने दिला होता.

सरकारी पातळीवर काय बदलले?

गेल्या दहा-बारा वर्षांत पाया घातला गेला आहे. भारत २०१४ मध्ये ‘स्नोमेड सीटी’ या वैद्यकीय संज्ञांच्या जागतिक मानकाचा सदस्य झाला. त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्यात ‘सी-डॅक’मध्ये आहे. भारतीय औषधांसाठी सामाईक सांकेतांक तयार करण्याचे कामही याच केंद्राने केले. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यातून १४ अंकी ‘आभा’ क्रमांक आला. रुग्णालयांनी नोंदी डिजिटल कराव्यात यासाठी २०२३ मध्ये प्रोत्साहनपर रकमेची योजनाही सुरू झाली. सरकारी रुग्णालयांच्या औषधसाठ्यासाठी सी-डॅकची ‘ई-औषधी’ प्रणाली महाराष्ट्रातही वापरात आहे.

खप जास्त असलेल्या ३०० ब्रँडच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यूआर कोड १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक आहे. त्यात बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. मात्र कोड छापणे ही कंपनीची जबाबदारी झाली. तो खिडकीवर स्कॅन करून रुग्णाच्या नोंदीशी जोडणे ही रुग्णालयाची इच्छा. ‘एसआर-१३’सारख्या प्रसंगात नेमका हाच दुवा कामी येतो.

मालेगावात याची गरज का?

मालेगावात सामान्य रुग्णालय आहे, महापालिकेचे दवाखाने आहेत आणि खासगी रुग्णालयांची संख्याही मोठी आहे. आजूबाजूच्या तालुक्यांतून रुग्ण येथे येतात. प्रकृती गंभीर झाली की त्यांना सुमारे १०० किलोमीटरवरील नाशिकला किंवा पन्नासेक किलोमीटरवरील धुळ्याला हलवले जाते. सोबत जाते ती कागदांची फाइल आणि पिशवीतली अर्धी संपलेली गोळ्यांची पाकिटे. रुग्णाला काल रात्री कोणते इंजेक्शन दिले, हे पुढच्या डॉक्टरला नातेवाइकांना विचारावे लागते. औषधांची नोंद एका मानकात असेल तर ती रुग्णाच्या संमतीने पुढे जाऊ शकते.

दुसरा मुद्दा भाषेचा. येथे अनेक घरांत उर्दू वाचली जाते, तर अनेक घरांत मराठी. ‘सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर’ हे लेबल रुग्णाच्या लिपीत छापणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. पण ते अचूक भाषांतर करून प्रणालीत बसवणारा माणूस लागतो. तिसरा मुद्दा युनानीचा. मन्सुरा येथील मोहम्मदिया तिब्बिया महाविद्यालयामुळे शहरात युनानी उपचारांची परंपरा आहे. आयुष मंत्रालयाच्या ‘नमस्ते’ पोर्टलवर युनानीतील आजारांच्या संज्ञांना सांकेतांक दिले आहेत. मात्र रुग्ण काढा आणि रक्तदाबाची गोळी एकाच वेळी घेत असेल, तर दोन्ही एका पडद्यावर दिसायला हवेत. पुण्या-मुंबईत बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला ही गरज सुचेलच असे नाही.

अभ्यासक्रमात हे शिकवतात का?

थोडेफार. बी. फार्मच्या दुसऱ्या सत्रात ‘फार्मसीतील संगणकाचे उपयोजन’ हा विषय आहे. ई-प्रिस्क्रिप्शन, बारकोडने औषध ओळखणे, स्वयंचलित वितरण यांचा त्यात उल्लेख येतो. बहुतेकांच्या लेखी तो उत्तीर्ण होऊन विसरण्याचा विषय असतो. २००८ पासून सुरू झालेला सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम रुग्णाच्या खाटेपर्यंत नेतो, संगणकापर्यंत फारसा नाही. अमेरिकेत फार्मसी इन्फॉर्मेटिक्समध्ये पदवीनंतरचे निवासी प्रशिक्षण आहे. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत ई-प्रिस्क्रिप्शन सांभाळणारे स्वतंत्र फार्मासिस्ट असतात. आपल्याकडे अशी ठरलेली शिडी नाही. त्यामुळे येथे कौशल्य स्वतःच जमवावे लागते.

सुरुवात कुठून करावी?

काउंटरवरूनच. बिलिंग सॉफ्टवेअर रोज वापरणाऱ्याने त्याची यादी आधी तपासावी. एकच औषध तीन नावांनी नोंदले आहे का, मात्रा सगळीकडे लिहिली आहे का, नावाने किंवा वेष्टनाने सारख्या दिसणाऱ्या औषधांना वेगळी खूण आहे का, हे पाहावे. ‘शेड्युल एच-१’मधील औषधांचे रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते. तेवढ्या नोंदी एक्सेलमध्ये घेऊन महिन्याचा कल काढला, तरी तो स्वतःचा पहिला प्रकल्प होतो.

त्यानंतर ‘एसक्यूएल’ ही डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा शिकावी. रोज तासभर दिला तर तिची तोंडओळख काही आठवड्यांत होते. पुढे स्नोमेड सीटीचा मोफत ऑनलाइन पायाभूत अभ्यासक्रम आणि रुग्णालयांतील माहितीच्या देवाणघेवाणीसाठीचे ‘एफएचआयआर’ हे मानक. रुग्णालय ‘एनएबीएच’ मानांकनाची तयारी करत असेल तर औषध व्यवस्थापनाच्या प्रकरणाचे काम अंगावर घ्यावे. नवे सॉफ्टवेअर बसत असेल तर ‘मी यादी तपासतो’ असे सांगणारा पहिला माणूस व्हावे. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा हा अनुभव जास्त बोलतो.

नोकऱ्या कुठे आणि अडचणी कोणत्या?

‘फार्मसी इन्फॉर्मेटिक्स’ या नावाची जाहिरात शोधणाऱ्याच्या हाती फार काही लागणार नाही. कामे दुसऱ्या नावांनी असतात. रुग्णालय सॉफ्टवेअर कंपन्यांत ‘इम्प्लिमेंटेशन’ किंवा ‘क्लिनिकल अॅनालिस्ट’, औषधांची माहिती देणाऱ्या कंपन्यांत ‘ड्रग कन्टेन्ट’, मोठ्या रुग्णालयांत फार्मसी आणि आयटी यांच्यामधला समन्वयक. संधी मुख्यतः मुंबई, पुणे, बेंगळुरू आणि हैदराबाद या शहरांत एकवटल्या आहेत. सरकारी सेवेत ‘औषध निर्माण अधिकारी’ हेच पद आहे. ऑनलाइन साठ्याची जबाबदारी बहुतेकदा त्याच्याच डोक्यावर नेहमीच्या कामाच्या वर येते.

सर्वात मोठा फरक कायद्याचा आहे. फार्मसी कायदा १९४८ मधील कलम ४२ नुसार औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचेच आहे. काउंटरवर हे कवच आहे. संगणकापुढे ते नाही. तेथे अभियंता, नर्स, डॉक्टर असे कोणीही स्पर्धक असू शकते. म्हणून वाट बदलली तरी राज्य फार्मसी कौन्सिलकडील नोंदणीचे नूतनीकरण चालू ठेवणे शहाणपणाचे. पदविकाधारकांना पदवीधरांच्या तुलनेत जास्त वर्षांचा अनुभव दाखवावा लागेल, हेही गृहीत धरावे. शिवाय रुग्णांची माहिती हाताळताना २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्याचे भान हवे. त्यात दंडाची कमाल रक्कम २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. सरावासाठी रुग्णांची नावे असलेली फाइल घरच्या लॅपटॉपवर नेणे ही चूक नवख्यांकडून सहज होते.

पुढे काय?

मोठ्या शहरांतील रुग्णालयांत हे काम वेगळा माणूस करेल. शंभर खाटांच्या आतील रुग्णालयाला स्वतंत्र पद परवडणे कठीण आहे. तेथे सध्याच्याच फार्मासिस्टला दिवसातले दोन तास आणि त्याचा मोबदला देऊन हे काम सोपवणे हा व्यवहार्य मार्ग दिसतो. दोन-तीन छोट्या रुग्णालयांनी मिळून एक माणूस नेमणेही शक्य आहे. पुढच्या वेळी एखाद्या बॅचबाबत इशारा येईल तेव्हा मालेगावातील रुग्णालय रुग्णांना त्याच दिवशी फोन करू शकेल की बिलांचे गठ्ठे सोडत बसेल, हे त्या दोन तासांवर ठरेल.