पंच कोणी नेमला?

कर्जाचे हप्ते थकलेल्या माणसाच्या मोबाइलवर एक मेसेज येतो: आपले प्रकरण लवादाकडे दिले आहे, सुनावणीसाठी सोबतची लिंक उघडा. असल्या लिंक उघडू नका, हे त्याला बँकेनेच दहादा बजावलेले असते. तो मेसेज पुसून टाकतो आणि निवाडा एकतर्फी होतो. १९९६च्या लवाद कायद्याने त्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ आहे. आव्हान द्यायला तीन महिने मिळतात, फार तर वर तीस दिवस.

ऑनलाइन तंटा निवारण (ओडीआर) वाईट म्हणून आम्ही हे लिहीत नाही. तीस हजारांच्या उधारीसाठी दुकानदाराने वर्षानुवर्षे तारखांना दुकान बंद ठेवून जिल्ह्याला जावे, यापेक्षा घरबसल्या तडजोड केव्हाही बरी. न्या. सिक्री यांच्या अध्यक्षतेखालील नीती आयोगाच्या समितीने २०२१ मध्ये हाच मार्ग सुचवला, आणि २०२३च्या मध्यस्थी कायद्यात ऑनलाइन मध्यस्थीची तरतूद आली.

आक्षेप वेगळा आहे. निकालात ज्याचा स्वार्थ गुंतला आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात बजावले. त्यानंतर कर्ज देणाऱ्या अनेक कंपन्यांनी ही नेमणूक ऑनलाइन मंचांवर सोपवली. पण मंचाला गठ्ठ्याने प्रकरणे आणि त्यांची फी देणारे गिऱ्हाईक तीच कंपनी. मंचाचा प्रोग्राम कोणत्या यादीतून लवाद निवडतो, कोणत्या नियमाने, एकाच माणसाकडे किती प्रकरणे जातात, हे सारे कुलूपबंद. कर्जदाराला ते दिसत नाही, त्याच्या वकिलालाही नाही.

तंटा खासगी असतो, हे मान्य. घरची भांडणे आणि धंद्याचे हिशेब चव्हाट्यावर येऊ नयेत म्हणून तर लोक लवादाकडे जातात. पण पंच नेमण्याची रीत खासगी कशी असेल? मराठेशाहीत गोतसभेच्या महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या असत, पाटलाची नांगराची निशाणी असे. त्या सभेत जातीची उतरंड होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरी निवाड्याला कोण बसले होते, ते कागदावर राहत असे.

म्हणून या मंचांचे सॉफ्टवेअर ओपन सोर्स हवे: कोणालाही वाचता, तपासता आणि स्वतःकडे चालवता येणारे. त्याने संशय तर कमी होईलच, शिवाय तालुक्याचा वकील संघ, व्यापारी मंडळ किंवा गृहनिर्माण संस्थांचा महासंघ परवान्याचे पैसे न मोजता आपला मंच उभारू शकेल, आणि तोही मराठीत. सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस यांचा खर्च उरतोच. तो वाटून घेता येण्याजोगा आहे. लागणारे बरेचसे भाग आज फुकट मिळतात. दृकश्राव्य सुनावणीला जित्सी आहे. डॉकअसेंबल साधे प्रश्न विचारून अर्ज तयार करून देते; ते फिलाडेल्फियातल्या गरिबांना कायद्याची मदत देणाऱ्या संस्थेतील वकील जोनाथन पाइल यांनी लिहिले. आणि लांब कशाला जायचे? देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत खटल्यांची नोंद ज्या प्रणालीवर होते, ती एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या पुणे केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरच्या पायावर बांधली आहे. हे काम करणारे हात इथलेच आहेत.

नुसता कोड उघडा करून भागणार नाही. यादीच एका बाजूची असेल तर स्वच्छ कोडही तिच्यातूनच निवडणार. तेव्हा यादीही जाहीर हवी, नेमणूक चिठ्ठी टाकल्यासारखी हवी, आणि प्रत्येक लवादाकडे कोणाची किती प्रकरणे गेली हा आकडा कर्जदारांची नावे गाळून लोकांपुढे यावा.

सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे केंद्राचे धोरण २०१५ पासून आहे. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२३ मध्ये गुंतवणूकदारांच्या तक्रारींसाठी स्मार्ट ओडीआर पोर्टल सुरू करवले. अशा नियामकांच्या पुढाकाराने चालणाऱ्या पोर्टलांपासून सुरुवात व्हावी. सगळा कोड एका दिवसात नको. लवाद आणि मध्यस्थ नेमणारा तेवढा भाग आधी बाहेर ठेवा.