मूत्रपिंड प्रत्यारोपित रुग्णांच्या औषधांबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जालना.

विषय : मूत्रपिंड प्रत्यारोपित रुग्णांना स्नायूंना घातक ठरणारी औषधे एकत्र देणे थांबवण्याबाबत.
संदर्भ : आमची यापूर्वीची निवेदने व त्यावर मिळालेली तोंडी आश्वासने.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करण्यात येते की, जिल्ह्यातील आम्ही प्रत्यारोपित रुग्ण व नातेवाईक याच मागणीसाठी पुन्हा आपल्याकडे येत आहोत. मागील बैठकीत संबंधितांनी ‘महिनाभरात परिपत्रक काढतो’ असे सांगितले होते. ते अद्याप निघालेले नाही.

प्रत्यारोपण छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबईला होते. पण ताप-खोकल्याला आम्ही जवळच्याच दवाखान्यात जातो, आणि घात तिथे होतो. अंबड तालुक्यातील आमच्यातले एक शेतकरी, शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून, सायक्लोस्पोरिनवर आहेत. खर्च आटोक्यात राहावा म्हणून सोबत डिल्टियाझेम सुरू होते; त्याने सायक्लोस्पोरिनचे रक्तातील प्रमाण वाढते व कमी मात्रेत भागते. त्यात एका ठिकाणी कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन लिहिले गेले, दुसऱ्या ठिकाणी खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन. काही दिवसांतच मांड्या इतक्या भरून आल्या की खाली बसले की दोघांनी धरून उठवावे लागे. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सलाईन लावले, वर डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन दिले. स्नायूंची हानी दाखवणारी सीपीके ही रक्ततपासणी कोणी सांगितलीच नाही. स्नायू फुटून त्यातले द्रव्य मूत्रपिंडात अडकत होते आणि ते मूत्रपिंड त्यांच्या आईने दिलेले आहे. क्रिएटिनिन चढल्यावर संभाजीनगरला हलवले, तेव्हा निदान झाले. ही सगळी कागदपत्रे मागील निवेदनासोबत जोडली होती. ती वाचली गेली असती, तर आज पुन्हा लिहावे लागले नसते.

कोणती औषधे एकत्र चालत नाहीत, हे आरोग्य यंत्रणेला आम्ही सांगावे असे नाही. स्नायूंच्या अशाच हानीमुळे सिमव्हास्टॅटिनच्याच गटातले सेरिव्हास्टॅटिन २००१ साली बाजारातून मागे घेतले गेले. युरिक ॲसिडच्या दुखण्यावर आम्हाला सर्रास मिळणारे कोल्चिसिनही सायक्लोस्पोरिनसोबत स्नायूंवर उठू शकते.

म्हणून आमची मुख्य मागणी : प्रत्यारोपित रुग्णाच्या केसपेपरवर तसा ठळक शिक्का मारावा, चालू गोळ्यांची यादी पाहिल्याशिवाय नवे औषध लिहू नये, आणि शंका आल्यास प्रत्यारोपण केंद्राच्या मूत्रपिंडतज्ज्ञांना फोन करणे बंधनकारक करावे. मांड्या-खांदे दुखणे किंवा लघवी काळपट होणे, यांपैकी एकही तक्रार असल्यास त्याच दिवशी सीपीके व क्रिएटिनिन तपासावे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून शासन प्रत्यारोपणाला ४ लाख ५० हजार रुपयांपर्यंत देते. तेच मूत्रपिंड एका चिठ्ठीने जाऊ देऊ नये.

याशिवाय सायक्लोस्पोरिन व त्यासारख्याच टॅक्रोलिमसच्या पातळीसाठी रक्ताचे नमुने जालन्यातच घ्यावेत. औषध दुकानदारांनाही सूचना द्याव्यात.

तोंडी आश्वासने पुष्कळ झाली. १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे, अन्यथा आम्हाला रुग्णांसह आपल्या कार्यालयासमोर बसावे लागेल.

आपले विश्वासू,
मूत्रपिंड प्रत्यारोपित रुग्ण व नातेवाईक,
जालना जिल्हा