दोन मधुचंद्र

मुंबईहून गोव्याकडे, लक्षद्वीपकडे निघणाऱ्या आलिशान जहाजांवर मधुचंद्र साजरा करणे आता कोल्हापूरच्या सधन नवदांपत्यांना शक्य झाले आहे. त्यांच्या सुखाचा हेवा करण्याचे कारण नाही. परंतु याच जिल्ह्यात दर हंगामाला बीडकडील नवी जोडपीही येतात. त्यांचा पहिला प्रवास ट्रकमधून, पहिला संसार फडालगतच्या खोपीत. मुकादमाच्या हिशेबी नवराबायको मिळून एक ‘कोयता’. उचल जोडीवर मिळते, म्हणून कित्येक मुलींचे लग्न वयाआधीच उरकले जाते. २०१९ साली ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. कोयत्याची पद्धत मात्र टिकून राहिली. स्त्रीच्या नावे स्वतंत्र नोंद आणि स्वतंत्र मजुरी, ही मागणी सहकाराचे नाव मिरवणाऱ्या प्रत्येक कारखान्याच्या दारात कार्यकर्त्यांनी नेली पाहिजे.