पोच आणि कबुली

कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात २०२१ च्या मार्च महिन्यात धान्यखरेदी करणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने ८७ टन जवसाचा करारनामा तयार करून, त्यावर सही करून, त्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून एका शेतकऱ्याकडे पाठविले व करार कायम करण्याविषयी विनंती केली, तेव्हा शेतकऱ्याने उत्तरादाखल उभ्या अंगठ्याचे चित्र तेवढे धाडले. पुढे भाव चढले आणि माल पोचला नाही. अंगठ्याने आपण केवळ कागदाची पोच दिली, शर्ती कबूल केल्या नव्हत्या, असा शेतकऱ्याचा जबाब होता. परंतु २०२३ साली न्यायालयाने तो अंगठा सहीच्या तोडीचा ठरवून ८२ हजार डॉलरांहून अधिक भरपाईचा हुकूम दिला, आणि अपिलातही तो बहुमताने कायम झाला.

ज्या समाजात कर्जरोख्यापासून खरेदीखतापर्यंत असंख्य दस्तऐवज ‘निशाणी डावा अंगठा’ या तीन शब्दांवर उभे राहिले, त्याला या निवाड्याचे नवल वाटू नये. मात्र तो ठसा ज्याचा त्याचा असे, आणि हा चित्रातील अंगठा सर्वांचा एकच आहे. मग त्याला अर्थ येतो कोठून? न्यायाधीशांनी, माझ्या मते अत्यंत योग्य रीतीने, त्याच दोघांचे मागील व्यवहार तपासले, ज्यांत शेतकऱ्याने असेच आलेले करार ‘ठीक’, ‘होय’ अशा त्रोटक उत्तरांनी स्वीकारून माल इमानाने पोचता केला होता.

याच्या उलट, वरिष्ठाच्या खुनासंबंधीच्या संदेशाखाली अंगठा दाखविल्यामुळे बडतर्फ झालेल्या रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायाने नेमका हाच जबाब दिला, की आपण संदेश पाहिल्याचे तेवढे कळविले. आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो ग्राह्य धरला. चिन्ह एक, बचाव एक, निकाल भिन्न, आणि दोन्ही न्याय्य. कारण शिपायाच्या अंगठ्यामागे कोणताही सौदा नव्हता.

आपल्या कुटुंबांच्या गटांतही हेच घडते. जोडलेले हात सकाळी वडीलधाऱ्यांना नमस्कार असतात, दुपारी श्रद्धांजली, आणि रात्री वाद विकोपाला गेला की तेच हात ‘आता पुरे’ असे बजावतात. जपानी माणूस त्यांतून आभार मानतो, क्षमाही मागतो. हसता हसता डोळ्यांत पाणी आलेला चेहरा, ज्याला ऑक्सफर्ड शब्दकोशाने २०१५ चा वर्षशब्द म्हणून निवडले, एखाद्या वृद्ध आत्याबाई निधनवार्तेखाली लावतात, कारण त्यांना त्यात अश्रूच दिसतात. त्यांचे दुःख खरे असते. त्यांची त्याबद्दल टवाळी करणाऱ्या तरुणांचा मला मनापासून राग येतो.

कार्यालयांची गोष्ट मात्र अधिक गंभीर आहे, कारण तेथे पोटापाण्याचा प्रश्न गुंतलेला असतो. भ्रमणध्वनीवरून हुकूम सोडणाऱ्या प्रत्येक खात्याने ‘पोचले’ आणि ‘कबूल आहे’ यांपैकी एक उत्तर शब्दांत लिहून घेण्याचा दंडक घालावा, आणि नुसत्या चित्रावरून कारवाई करण्यापूर्वी, पाठविणाऱ्याला त्याचा अर्थ विचारून त्याचा जबाब नोंदवावा.